आरपी हा डोळ्याचा आजार निघाल्यावर पहिला प्रश्न: पडद्यात अजून जिवंत काय आहे?

निरोगी उंदराच्या डोळ्याच्या पडद्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की प्रकाश टिपणाऱ्या पेशींची केंद्रकं दहा-बारा ओळींत दाटीवाटीने बसलेली दिसतात, लग्नातल्या पंगतीसारखी. आरपीसारखाच आजार असलेल्या आरडी१ नावाच्या जातीच्या उंदरात जन्मानंतर तीन आठवड्यांनी तीच जागा बघा. एखादी ओळ उरलेली असते, तीही विरळ. मी काही वर्षं प्रयोगशाळेत या ओळी मोजल्या. मग माझ्या मावसभावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, हा पडद्यातल्या याच पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार निघाला आणि ही मोजणी घरात आली.

त्याची फाइल आणि नंतर ओळखीतल्या आणखी काही घरांच्या फायली चाळताना एक गोष्ट लक्षात आली. सगळे विचारतात, "इलाज आहे का?" डॉक्टर म्हणतात, "सध्या नाही, वर्षाने या." आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी "कोणत्या पेशी अजून जिवंत आहेत?" असं विचारलं तर बोलणं पुढे सरकतं. कारण आज उपलब्ध असलेला आणि उद्या येऊ घातलेला जवळपास प्रत्येक उपचार कोणत्या ना कोणत्या जिवंत पेशीवर उभा आहे. खालच्या पायऱ्या त्याच प्रश्नाच्या मागे जातात. औषधाचा निर्णय तुमच्या पडद्याच्या डॉक्टरांचाच. त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं, एवढंच मी सांगतोय.

पहिली पायरी: नेमकं काय मरतंय ते समजून घ्या

माणसाच्या एका पडद्यात ९ ते १२ कोटी दंडपेशी असतात आणि ४५ ते ६० लाख शंकुपेशी. दंडपेशी अंधारात आणि कडेचं बघण्यासाठी, शंकुपेशी उजेडात, रंगांसाठी, वाचण्यासाठी. आरपीमध्ये बहुतेक वेळा जनुकातली चूक दंडपेशींना भोवते. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग कडेचं दिसणं आक्रसत जातं आणि नळीतून बघितल्यासारखं दिसू लागतं. शंकुपेशींमध्ये मात्र अनेकदा ते जनुक वापरातच नसतं. तरी त्या नंतर मरतात. गुन्हा एकाचा, शिक्षा शेजाऱ्याला.

दंडपेशी कशा मरतात, यावर संशोधकांचं मत एकदा पार बदललं आहे. १९९३मध्ये आरपीच्या उंदरांत या पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीने स्वतःच स्वतःला शिस्तीत मोडून टाकण्याच्या पद्धतीने मरतात, असं प्रसिद्ध झालं. हा शब्द १९७२चा, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पानगळ. पुरावा होता टनेल नावाच्या रंगाचा, जो तुटलेल्या डीएनएला चिकटतो. आम्हीही तोच वापरायचो. मरणारी पेशी काळ्या पाटीवर हिरव्या ठिपक्यासारखी चमकते. अडचण एवढीच की डीएनए इतर प्रकारच्या मरणातही तुटतो. ठिपका दिसला की पेशी मरतेय हे कळतं, कशी मरतेय ते कळत नाही. पुढे २०१४मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने वेगवेगळ्या जनुकांचे दहा प्राणी-नमुने एकत्र तपासले, तेव्हा नेहमीच्या अपॉप्टोसिसच्या खुणांपेक्षा कॅल्पेन आणि पार्प या विकरांची (एन्झाइमांची) अति धावपळ आणि सीजीएमपी या संदेशरेणूचा साठा जास्त ठिकाणी दिसला. आरडी१ उंदरात तर हे उघडच आहे: सीजीएमपी मोडणारं विकर बिघडलेलं, म्हणून ते साचतं, पेशीच्या भिंतीतली दारं उघडी राहतात, कॅल्शियम आत घुसतं.

पेशंटला याचं काय? खूप काही. "अपॉप्टोसिस थांबवणारं औषध" अशी जाहिरात दिसली तर लगेच भाळू नका. मरणाची वाट कोणती, हेच जिथे जनुकागणिक बदलू शकतं, तिथे एकच कुलूप लावून घर बंद होत नाही.

दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०००मध्ये नेचर नियतकालिकात एका कॅनेडियन गटाने मांडलं की अशा आनुवंशिक आजारांत प्रत्येक पेशीचा मरण्याचा धोका काळानुसार जवळपास सारखाच राहतो. गणपती मंडळाच्या रोषणाईची माळ आठवा. सगळे दिवे एकदम मंद होत नाहीत. आज इथला एक जातो, उद्या तिथला. जो चालू आहे तो बऱ्यापैकी चालू असतो. म्हणजे ४० वर्षांच्या माणसाच्या पडद्यात उरलेल्या पेशी अगदीच शेवटच्या घटका मोजत असतात असं नाही. "आता उशीर झाला" हे वाक्य ऐकलं की मी म्हणतो, आधी मोजून बघू.

शंकुपेशींच्या मरणाचं कारण उपासमारीकडे बोट दाखवतं. दंडपेशी एक प्रथिन सोडतात, ज्यामुळे शंकुपेशींना ग्लुकोज ओढून घेता येतं. पॅरिसच्या गटाने ते २००४मध्ये शोधलं. दंडपेशी गेल्या की तो रतीब बंद. शिवाय ऑक्सिजन वापरणारे बहुतेक गेल्यामुळे उरलेल्यांवर ऑक्सिजनचा मारा होतो. वाचता येणं, माणूस ओळखता येणं हे सगळं शंकुपेशींवर चालतं, म्हणून सध्याचं बरंच संशोधन त्यांनाच वाचवायच्या मागे आहे.

दुसरी पायरी: हा खरंच आरपी आहे का?

ही पायरी लोक गाळतात, आणि नेमकी इथेच कधीकधी नजर वाचते. रातांधळेपणा जीवनसत्त्व अ कमी पडल्यानेही येतो. जुनाट जुलाब, यकृताचा आजार किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर रक्त तपासून घ्या. असा रातांधळेपणा भरून निघतो. काही दुर्मीळ चयापचयाचे आजार हुबेहूब आरपीसारखे दिसतात आणि त्यांना उपाय आहे: जीवनसत्त्व ई शरीरात टिकत नाही असा एक, रेफ्समचा आजार, ज्यात ठरावीक मेदाम्ल साचतं आणि पथ्याने खाली आणता येतं, आणि गायरेट अ‍ॅट्रॉफी, ज्यात रक्तातलं ऑर्निथिन वाढतं. चालताना तोल जाणं, वास न येणं, हातापायांना मुंग्या, लहानपणापासून तेलकट मल यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. पडदा बघणारे डॉक्टर पायांबद्दल विचारतीलच असं नाही.

एकाच डोळ्यात "आरपी" असेल तर शंका घ्याच. जुना संसर्ग, सिफिलिससुद्धा, किंवा मार लागलेला असू शकतो. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर तेही सांगा.

नावाबद्दल जाता जाता: 'आयटिस' म्हणजे दाह. १८५७च्या सुमारास डच डॉक्टर डॉन्डर्स यांच्याकडून हे नाव रूढ झालं, पण आजाराचं मूळ दाह नाही. त्यामुळे "सूज उतरवायची" म्हणून कोणी सरसकट स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, तर का, ते विचारा.

तिसरी पायरी: मोजणीची फाइल तयार करा

तीन तपासण्या हव्यात आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

ओसीटी हा पडद्याच्या थरांचा स्कॅन. फक्त छापील अहवालावर समाधान मानू नका, मूळ चित्रं मागून घ्या. पडद्याच्या बाहेरच्या भागात एक उजळ रेघ असते, डॉक्टर तिला ईझेड म्हणतात. ती जिथपर्यंत सलग आहे तिथपर्यंत प्रकाशपेशी धड आहेत, जिथे तुटते तिथून पुढे त्या गेल्या आहेत किंवा जायच्या वाटेवर आहेत. विचारायचा प्रश्न सोपा आहे: "डॉक्टर, ही रेघ किती मायक्रॉन उरली आहे, आणि गेल्या वर्षी किती होती?" दर वेळी शक्यतो त्याच कंपनीच्या मशिनवर करा. वेगळ्या मशिनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि दोन वर्षांची तुलना वाया जाते.

दुसरी व्हिज्युअल फील्ड, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्याची. पांढऱ्या वाडग्यासारख्या मशिनमध्ये हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे टक लावायची, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मावसभावाने पहिल्या खेपेला परीक्षा असल्यासारखं बटण दाबलं. न दिसलेल्या ठिपक्यांनाही. "अरे, पास व्हायचं नाहीये, खरं सांगायचंय," असं त्याला बाहेर येऊन सांगावं लागलं. अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात चुकीच्या दाबण्याचं प्रमाण छापलेलं असतं. ते जास्त असेल तर ती तपासणी धरू नका, चहा पिऊन पुन्हा करा. पहिली फील्ड तशीही बहुतेकांची बिघडते.

तिसरी ईआरजी. पडदा प्रकाशाला विजेचा किती प्रतिसाद देतो ते ही मोजते. आधी किमान २० मिनिटं पूर्ण अंधारात बसवतात, तरच दंडपेशींचा प्रतिसाद कळतो. दहा मिनिटांत आटोपलं तर ते विचारण्यासारखं आहे. प्रतिसाद "सपाट" आला म्हणून हातपाय गाळू नका. ईआरजी सगळ्या पडद्याची बेरीज करते. मध्यभागी शंकुपेशींचं छोटं बेट शाबूत असलं तरी बेरजेत ते दिसत नाही. ते ओसीटीत दिसतं.

चौथी पायरी: वंशावळ आणि जनुक-तपासणी

जगात साधारण ४,००० जणांमागे एकाला आरपी असतो असं धरतात. नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४,७००हून जास्त लोकांचे डोळे तपासले, तेव्हा प्रमाण ७५० जणांमागे एक निघालं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न, काही भागांत मामा-भाचीचं लग्न ही चाल आहे, आणि दोन्हीकडून एकच सदोष जनुक आलं तर होणारे प्रकार अशा घरांत जास्त दिसतात. यात दोष देण्यासारखं काही नाही. पण वंशावळ काढताना लाजून ही माहिती लपवली, तर तपासणीची दिशा चुकते.

कागद घ्या, तीन पिढ्या मांडा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला किंवा आजीला विचारा, "संध्याकाळी कोण धडपडायचं?" आजाराचं नाव कोणाला ठाऊक नसतं, धडपडणारा माणूस मात्र सगळ्यांना आठवतो. मुलाला आहे, मामाला आहे, वडिलांकडे कोणालाच नाही, असं चित्र निघालं तर एक्स गुणसूत्रावरचा आरपी डोळ्यासमोर आणा.

आरपीशी जोडलेली ८०हून जास्त जनुकं माहीत आहेत. पॅनेल तपासणी (एकदम अनेक जनुकं वाचणारी) देताना प्रयोगशाळेला हे एक विचाराच: "आरपीजीआर जनुकाचा ओआरएफ१५ हा भाग तुमच्या तपासणीत नीट वाचला जातो का?" एक्सवरच्या आरपीचे बरेच दोष त्याच तुकड्यात असतात, आणि तो इतका एकसुरी आहे की नेहमीच्या पद्धतीत वाचायचा राहून जातो. अहवालात "अर्थ अनिश्चित" असा बदल आला तर तो निकाल नव्हे. आईवडिलांचं रक्त तपासून बदल कोणाकडून आला ते बघावं लागतं. आणि अहवाल घेऊन जनुक-समुपदेशकाकडे जा. बहिणीच्या लग्नाचा विषय घरात निघेल तेव्हा त्यांचं बोलणं उपयोगी पडेल, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांचं नाही.

पाचवी पायरी: आज जे करता येतं ते आधी करा

"इलाज नाही" हे वाक्य पेशींच्या मरणाबद्दल आहे. नजर कमी होण्याची आणखी दोन कारणं आरपीसोबत येतात आणि दोन्हींवर उपाय आहे. एक, पडद्याच्या मध्यभागी पाणी साचून येणारी सूज. ती ओसीटीत बुडबुड्यांसारखी दिसते आणि ठरावीक थेंबांनी किंवा गोळ्यांनी अनेकांची कमी होते. दुसरं, मोतीबिंदू. आरपीत तो कमी वयात, भिंगाच्या मागच्या बाजूला होतो आणि उजेडात फार छळतो. "पडदाच खराब आहे, मोतीबिंदू काढून काय फायदा" असं ऐकलं तर ईझेडची रेघ दाखवा. मध्यभाग शाबूत असेल तर फायदा होऊ शकतो.

जीवनसत्त्व अ बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गोळ्या घराघरात निघतात. १९९३च्या अमेरिकी अभ्यासात रोज १५,००० युनिट घेणाऱ्यांची ईआरजी किंचित हळू घसरली असं दिसलं, आणि जीवनसत्त्व ईच्या मोठ्या डोसने उलट नुकसान झालं. नंतरच्या फेरतपासण्यांत अ चा तो फायदा ठामपणे टिकला नाही. यकृताला त्रास होऊ शकतो, गरोदरपणात बाळाला धोका आहे, आणि आजार एबीसीए४ जनुकाचा असेल तर जास्तीचं जीवनसत्त्व अ टाळायचं असतं. थोडक्यात, जनुक कळण्याआधी डबी उघडू नका. गाजर खा, हरकत नाही.

सहावी पायरी: संशोधनाची बातमी आली की ती कोणत्या पेशीवर उभी आहे ते बघा

मी बातम्यांचे तीन ढीग करतो.

पहिला ढीग जनुक दुरुस्तीचा. डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लक्सटर्ना हे इंजेक्शन फक्त आरपीई६५ जनुकाच्या दोषासाठी आहे, इतर कोणासाठी नाही. जाहीर किंमत एका डोळ्याला ४,२५,००० डॉलर होती. त्याच्या मान्यतेतच अट आहे: पडद्यात पुरेशा जिवंत पेशी हव्यात. चाचणीच्या वेळी मध्यभागी १०० मायक्रॉनपेक्षा जाड पडदा, हा एक निकष होता. तुमची ओसीटी इथे कामी येते. याच जनुकाच्या आधीच्या चाचण्यांतल्या रुग्णांबद्दल २०१३मध्ये हेही छापून आलं की नजर सुधारली, तरी पेशींचं मरण पुढे चालूच राहिलं. दिसणं सुधारणं आणि मरण थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत त्या सर्रास एक होतात.

दुसरा ढीग कोणतंही जनुक असो, शंकुपेशी तगवण्याचा. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, जे कफ पातळ करायला मिळतं, त्याची छोटी चाचणी २०२०मध्ये आशादायक निघाली आणि २०२३मध्ये काही वर्षं चालणारी मोठी चाचणी सुरू झाली, रोज दोनदा १,८०० मिलिग्रॅमची. औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं म्हणून हा डोस स्वतःच्या मनाने सुरू करायचा नसतो.

तिसरा ढीग प्रकाशपेशी जवळजवळ सगळ्या गेल्यावरचा. त्यांच्यामागच्या, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लिऑन पेशी बऱ्याचदा टिकून असतात. त्यांनाच प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन दिलं तर? २०२१मध्ये ५८ वर्षांच्या एका आरपी रुग्णाला असं इंजेक्शन आणि खास चष्मा देऊन टेबलावरच्या वस्तू शोधता आल्याचं प्रसिद्ध झालं. वाचता येत नव्हतं, चेहरे ओळखता येत नव्हते, पण टेबलावरची वही कुठे आहे ते कळत होतं. काचबिंदूत याच गँग्लिऑन पेशी मरतात, म्हणून आजोबांच्या काचबिंदूला ही बातमी जोडू नका.

सातवी पायरी: पैसे मागितले की उठा

"स्टेम सेलने पडदा नवा करून देतात म्हणे, दोन डोळ्यांचं पॅकेज आहे," असा मामींचा फोन मलाही आला होता. २०१७मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची हकिगत छापून आली. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी टोचल्या. प्रत्येकीने ५,००० डॉलर मोजले आणि होती ती नजर घालवली. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सिद्ध न झालेला स्टेम सेल उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही.

तपासायचं असं. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर चाचणीचा क्रमांक शोधा. १५ जून २००९पासून भारतातल्या औषध-चाचण्यांची तिथे आधी नोंद करावी लागते. नैतिक समितीची मंजुरी, चाचणीचा टप्पा, कोणत्या जनुकासाठी, किती उरलेली नजर चालेल, सगळं तिथे लिहिलेलं असतं. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी? पहिल्या टप्प्यातला कोणीही शहाणा डॉक्टर हे करणार नाही.

आठवी पायरी: दिव्यांगत्वाचा दाखला

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेची धार आणि नजरेचा विस्तार दोन्ही मोजतात. दिसण्याचा कोन ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व, मग तक्ता ६/६ वाचता येत असला तरी. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करताना अलीकडची फील्ड जोडा आणि तपासणीला जाताना मूळ प्रत हातात ठेवा.

मावसभाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा फील्ड घरी राहिली होती. त्याने तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली, समोरच्यांनी "तुम्हाला तर छान दिसतंय" म्हणून परत पाठवलं, आणि बाहेर पडताना तो दाराशेजारच्या बाकड्यावर गुडघा आपटून पडला. पुढच्या खेपेला मी सोबत गेलो. फील्डचा कागद टेबलावर ठेवला: मधे करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका, बाकी सगळं काळं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा फिरवून बघितला आणि विचारलं, "तुम्ही एकटे कसे आलात मागच्या वेळी?"

"रिक्षाने," तो म्हणाला.